शेकडा पाच म्हणजे साठ टक्के

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर मंगळवारी निळ्या पेनाचा गोल असतो. तो गटाचा हप्ता. पाच तारखेला लाल गोल, तो मोटारसायकलचा. खाली कोपऱ्यात पेन्सिलनं नुसतं ‘अण्णा’ लिहिलेलं, पुढे आकडा नाही. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड, जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात असं कॅलेंडर सापडेल. त्या घरात एकूण कर्ज किती असं विचारलं, तर उत्तर येतं, “असंल तीन-साडेतीन लाख.” आकडा न लिहिलेले ते अण्णाच बहुतेक वेळा सगळ्यात महाग पडतात.

आपल्याकडचं कर्ज एका जातीचं नसतं. कापूस-सोयाबीनला पीककर्ज, मोंढ्यातल्या आडत्याची उचल, बायकांच्या नावावर गटाचं, पतसंस्थेचं, सोनं तारण. ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्यावर मुकादमाची उचल, आणि जालन्याच्या स्टील कारखान्यात पाळी करणाऱ्या पोराच्या मोबाइलवर ॲपचं कर्ज. प्रत्येकाची व्याज सांगायची रीत वेगळी. बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

त्यातला सगळ्यात महाग गैरसमज असा: “बँक बारा टक्के घेते, अण्णा पाचच घेतात.” बँकेचे बारा टक्के वर्षाचे असतात आणि अण्णांचे पाच महिन्याचे. शेकडा पाच म्हणजे शंभराला महिन्याला 5 रुपये, वर्षाला 60. अण्णांकडून 60,000 घेतले असतील तर दर महिन्याला 3,000 रुपये व्याज आणि मुद्दल जागच्या जागी. वीस महिने असं भरलं की नुसत्या व्याजातच 60,000 गेले आणि देणं अजून 60,000. म्हणून कर्जाची वही मांडताना प्रत्येक व्याज आधी वर्षावर आणायचं. महिन्याचा दर असेल तर बारानं गुणायचं. एवढ्या एका गुणाकारानं घराचा हिशेब वेगळा दिसू लागतो.

‘फ्लॅट’ दराचंही असंच. 50,000 रुपये दोन वर्षांसाठी फ्लॅट 12 टक्क्यांनी घेतले, तर व्याज 12,000 आणि हप्ता 2,583 रुपये. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 50,000 वर लागतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. बँका आणि वित्त कंपन्यांना 1 ऑक्टोबर 2024 पासून घरगुती कर्जासोबत मुख्य मुद्द्यांचं एक पत्रक द्यावं लागतं. सगळे खर्च धरून वर्षाला किती टक्के पडतात, तो आकडा त्यात असतो. सहीच्या आधी ते मागून घ्या आणि घरी आणून पोरांकडून वाचून घ्या.

दुसरा गैरसमज कुणी बोलून दाखवत नाही, पण वागण्यात तोच असतो: ज्याचा तगादा मोठा, त्याचं आधी. उदाहरणासाठी एक घर घेऊ. पीककर्ज 1,20,000. सोनं तारण 80,000, वर्षाला 12 टक्के. अण्णांचे 60,000, शेकडा पाच. गटाचे 45,000, वर्षाला 24 टक्के. मोटारसायकलचे 38,000, 15 टक्के. मेहुण्याचे हातउसने 30,000, बिनव्याजी. बेरीज 3,73,000. घरात सगळ्यात मोठी भीती पीककर्जाची, कारण आकडा मोठा. सगळ्यात मोठी लाज मेहुण्याची, कारण दिवाळीला समोर बसावं लागतं.

आता वर्षाचं व्याज मांडा. पीककर्ज मुदतीत फेडलं तर 3 लाखांपर्यंत केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं. सोन्याचे 9,600. गटाचे साधारण 10,800. गाडीचे 5,700. आणि अण्णांचे 36,000. म्हणजे एकूण कर्जातला जेमतेम सहावा हिस्सा ज्यांचा, ते अण्णाच घरातून जाणाऱ्या व्याजातला अर्ध्याहून जास्त वाटा नेतात. या घरानं दोन शेळ्या विकून 20,000 रुपये हाती आणले, तर ते अण्णांच्या मुद्दलात गेले पाहिजेत. महिन्याचं व्याज लगेच 1,000 रुपयांनी उतरतं. मेहुण्याला समोर बसून सांगावं, “दाजी, तुमचे बुडणार नाहीत, पण सोयाबीन निघेपर्यंत थांबा.” हे तोंडानं सांगणं व्याज भरण्यापेक्षा अवघड असतं, हे मला मान्य आहे. तरीही ते सांगावं.

आणि या सगळ्याच्या आधी घरातलं धान्य, औषध, शाळा, बियाणं. हप्त्यासाठी बियाण्याचे पैसे दिले, तर पुढचं वर्ष आधीच गहाण पडतं.

“कर्ज फेडायला कर्ज काढू नये” हे जुनं शहाणपण बहुतेक वेळा खरं आहे. एका ॲपचं भरायला दुसरं ॲप, गटाचा हप्ता भरायला दुसरा गट, हा रस्ता खोल खड्ड्यात नेतो. पण साठ टक्क्यांचं कर्ज बारा टक्क्यांच्या सोनं तारणावर नेऊन पुरतं मिटवलं, सही केलेले कोरे कागद आणि चेक त्याच दिवशी परत घेतले, तर हे कर्ज वाढवणं नव्हे. अर्धवट मिटवलं तर मात्र दोन्ही देणी अंगावर राहतात. पीककर्ज ‘नवं-जुनं’ करायला सावकाराकडून आठ दिवसांसाठी पैसे घेतात, त्यातही हाच धोका असतो. बँकेनं नवीन वाटपाची तारीख पक्की दिल्याशिवाय ते घेऊ नयेत.

सावकारीबद्दलचे गैरसमज जमीनच घालवतात, म्हणून त्यावर थोडं थांबतो. “सावकाराचा व्यवहार तोंडी, त्याला कायदा कसला?” महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 हा त्यासाठीचाच कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. परवानाधारकालाही मनाला येईल तो दर लावता येत नाही. सप्टेंबर 2014 मध्ये शासनानं ठरवलेले दर असे: शेतकऱ्याला तारणी कर्ज वर्षाला 9 टक्के, बिनतारणी 12 टक्के, इतरांना तारणी 15 आणि बिनतारणी 18 टक्के. व्याजावर व्याज लावायला मनाई आहे. मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. हा दामदुपटीचा नियम आपल्याकडे इंग्रजांच्याही आधीपासून होता. आजोबांच्या तोंडी हा शब्द असायचा. नातवाला तो माहीत नाही, आणि त्याचा फायदा कुणाला होतो हे उघड आहे.

“खरेदीखत करून दिलं, आता जमीन गेली.” मराठवाड्यात सावकार गहाणखत करत नाही, सरळ खरेदीखत करून घेतो. ‘विश्वासाचं आहे, पैसे दिले की परत फिरवून देतो,’ असं सांगतो. या कायद्याच्या कलम 18 प्रमाणे, अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांतली अशी जमीन सावकारीच्या व्यवहारातून गेली असं चौकशीत दिसलं, तर जिल्हा निबंधक ते खत अवैध ठरवून ताबा परत द्यायचा आदेश देऊ शकतो. हे काम जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे असतं आणि तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडेही देता येते. पुरावा काय लागतो? खतातली किंमत त्या वेळच्या बाजारभावापेक्षा किती कमी होती, खत झाल्यावरही जमीन कोण कसत होतं, मोटारीचं बिल कुणाच्या नावावर येतं, त्याच माणसानं गावात आणखी किती जणांकडून अशी खतं करून घेतली. फोनवरून पाठवलेल्या पैशांच्या नोंदीही जपून ठेवा.

1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांचा मुख्य रोख खतांवर आणि रोख्यांवर होता. ते कागद हिसकावून जाळले, कारण माणसाला बांधून ठेवत होते ते कागदच. जालना त्या वेळी निजामाच्या राज्यात होतं. आज कागद जाळायची गरज नाही. तो घेऊन तालुक्याच्या कार्यालयात जायचं.

मुकादमाच्या उचलीबद्दलही असाच समज आहे की फिटेपर्यंत माणूस बांधलेला. उचलीपायी कुणाला डांबून, दुसरीकडे जाऊ न देता राबवून घेतलं जात असेल, तर ती 1976 च्या कायद्यानं बंद केलेली वेठबिगारी आहे आणि त्या कायद्यानं ते देणंच संपतं. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची.

“हप्ता थकला की पोलीस नेतील.” निव्वळ कर्ज थकणं हा गुन्हा नाही. दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा झाला तरी खरोखर ऐपत नसलेल्याला त्यासाठी तुरुंगात टाकता येत नाही, आणि पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला तर अटक करताच येत नाही. शेतकऱ्याची अवजारं, कसायची जनावरं, राहतं घर, स्वयंपाकाची भांडी यांना जप्तीतून संरक्षण आहे. पण एक अपवाद नीट लक्षात ठेवा: चेक. चेक वटला नाही तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्याची नोटीस आली की पंधरा दिवसांत पैसे भरायची संधी असते. ती नोटीस ‘घेतली नाही’ म्हणून परत पाठवणं हा सगळ्यात वाईट उपाय.

गटाच्या कर्जाच्या वसुलीला येणाऱ्यांबद्दल बायकांनी हे माहीत करून घ्यावं. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या सूक्ष्म कर्जाच्या नियमांप्रमाणे सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर वसुलीसाठी फोन नाही, शिवीगाळ नाही, नातेवाइकांना त्रास नाही, चावडीवर नाव लावणं नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जातील असं नवीन कर्ज देणंसुद्धा नियमाबाहेर आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, ते फुकट आहे, माहितीला 14448. वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलांना उत्पन्न न विचारता मोफत देतं. त्यांचा क्रमांक 15100.

“जामीन म्हणजे नुसती सही.” नाही. कायद्यानं जामीनदार कर्जदाराइतकाच देणेकरी असतो आणि संस्था थेट त्याच्याकडे जाऊ शकते. पतसंस्था सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला मागते, त्याची नोटीस कर्जदार आणि जामीनदार दोघांनाही येते. त्या सुनावणीला हजर राहून हिशेब मागायचा. दाखला निघाल्यावर वर दाद मागायला निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

“बापाचं कर्ज पोरानं फेडलंच पाहिजे.” वडिलांकडून जे वारशानं आलं, तेवढ्यापुरतीच ही जबाबदारी आहे. मुलानं पित्याचं ऋण फेडलंच पाहिजे हे जुनं धर्मकर्तव्य हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतरच्या कर्जांना लागत नाही. पण वारशात जमीन येते आणि जमिनीवर बोजा असतो. म्हणून माणूस गेल्यानं घर मोकळं होत नाही. ते आणखी एकटं पडतं, आणि हिशेब ठाऊक असलेला माणूसच गेलेला असतो. रात्री झोप लागत नसेल, जिवाचं काही बरंवाईट मनात येत असेल, तर 14416 वर टेली-मानसला फोन करा. दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि कॅलेंडरवरच्या त्या ‘अण्णा’चा आकडा आज घरातल्या कुणाला तरी सांगा.

कर्जमाफीची वाट बघणाऱ्यांना दोष द्यायची माझी इच्छा नाही. 2012-13 च्या दुष्काळात ज्यांच्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, त्यांनी वाट बघितली तर नवल नाही. पण 2017 ची योजना दीड लाखापर्यंत आणि 2019 ची दोन लाखांपर्यंत होती, आणि दोन्ही बँक-सोसायटीच्या शेतीकर्जाला होत्या. गट, मोटारसायकल, आडत्या, ॲप यांना त्यात जागा नव्हती. माफीच्या आशेवर पीककर्ज थकवलं की व्याजाची सवलत जाते आणि नवीन कर्ज बंद होतं. मग पेरणीला परत अण्णा. निसर्गाच्या माऱ्यानं भरता येत नसेल तर शाखेत जाऊन पुनर्गठनाचा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

“पैसे द्या, सिबिल साफ करून देतो” म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. एकरकमी तडजोडीत बँक काही रक्कम सोडते, तेव्हा अहवालात ‘पूर्ण फेड’ न लिहिता ‘तडजोड’ अशी नोंद होते. ज्याचं थकीत फार जुनं आहे, त्यानं ही किंमत समजून-उमजून मोजायला हरकत नाही. पण तडजोडीचं पत्र हातात आल्याशिवाय एक रुपयाही भरू नये.

शेवटचा गैरसमज कर्ज फिटल्यावरचा आहे: “भरलं, सुटलो.” पैसे भरल्यानं सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला बोजा आपोआप उतरला असं समजू नका. बँकेचा किंवा सोसायटीचा बेबाकी दाखला घ्यायचा, तो ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, अर्जासोबत द्यायचा आणि फेरफार मंजूर झाला का ते बघायचं. तारण ठेवलेली मूळ कागदपत्रं बँकेनं पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत परत द्यायची असतात. तिच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई देणं तिला बंधनकारक आहे. मग महिनाभरानं 15 रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढायचा आणि इतर हक्कांच्या रकान्यात ते नाव अजून आहे की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं.