साधन बदलावे, कसोटी नव्हे

वैद्यकशास्त्र केवळ पुस्तकांतून शिकता येत नाही. शवविच्छेदन, रुग्णतपासणी आणि अखेरीस एक वर्षाची आंतरवासिता यांवाचून डॉक्टर घडत नाही. अपंग विद्यार्थ्याची वाट अडते ती बहुधा येथेच.

वैद्यकीय प्रवेशासाठी 'दोन्ही हात अव्यंग असावेत' अशी अट होती. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायद्याशी विसंगत ठरविली. त्याआधी २०२४ साली, वाचादोष असलेल्या महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात, न्यायालयाने सांगितले होते की, केवळ अपंगत्वाची टक्केवारी पाहून प्रवेश नाकारू नये. विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकेल की नाही, हे तज्ज्ञ मंडळाने तपासावे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात वाजवी सोयींची तरतूद आहे. सोय म्हणजे वाढीव गुण नव्हेत. कमी ऐकू येणाऱ्यास हृदयाचे ठोके मोठ्याने ऐकविणारा वा पडद्यावर रेखाटणारा स्टेथोस्कोप मिळावा. चाकांच्या खुर्चीवरील विद्यार्थ्यास प्रयोगशाळेतील टेबल खाली घेता यावे. निदान मात्र त्यानेही अचूकच करावयाचे. रोग्याला हवे असते ते योग्य निदान. ते कोणत्या साधनाने झाले, हे तो विचारीत नाही.