होकार कोणाचा?

पूर्वी पुण्याच्या व्यापाऱ्यास काशीला किंवा सुरतेला मोठी रक्कम पाठवावयाची असली, तर तो नाण्यांच्या थैल्या बैलांवर लादून पाठवीत बसत नसे. तो पेढीवर जाऊन पैसे भरी आणि हुंडी लिहून घेई. ती हुंडी दूरच्या पेढीवर दाखविली म्हणजे तेथील सराफ रक्कम मोजून देई. पण वाटेत हुंडीच चोरीला गेली तर? या धोक्यावर सराफांनी शहाजोग हुंडीची तोड काढली होती. अशी हुंडी कोणीही आणून पुढे टाकली म्हणून पैसे मिळत नसत. ज्याची पत बाजारास ठाऊक आहे अशा प्रतिष्ठित गृहस्थाच्या हातीच रक्कम पडे. सराफाची तिजोरी लोखंडाची असे खरी. परंतु परगावच्या पैशाचे रक्षण तिच्याने होत नसे. समोरच्या माणसाची ओळख पटवून मगच दिलेला सराफाचा होकार, हीच त्या पैशाची खरी राखण होती.

आज पैसा संगणकांच्या जाळ्यातून फिरतो. एका खात्यातील आकडा उतरतो, दुसऱ्या खात्यातील चढतो आणि हे सर्व कोणाच्या तरी 'होय' या एका उत्तरावर घडते. ते उत्तर कधी माणूस देतो, कधी यंत्र देते. म्हणून आजच्या चोराला भिंत पोखरावी लागत नाही. त्याला केवळ तो होकार हस्तगत करावयाचा असतो.

हे कसे घडते, ते पुण्यातच घडलेल्या एका प्रकारावरून नीट समजेल. कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली पुण्याची जुनी सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ या दिवशी, म्हणजे एका शनिवारी, तिच्या ग्राहकांच्या कार्डांच्या बनावट प्रती घेऊन परदेशांतील माणसे एटीएम यंत्रांसमोर उभी राहिली. तुम्ही एटीएममध्ये कार्ड घालता, तेव्हा ते यंत्र स्वतःच्या बुद्धीने पैसे देत नाही. ते कार्ड देणाऱ्या बँकेच्या संगणकास विचारते, "या माणसास इतकी रक्कम देऊ का?" बँकेचा संगणक खाते पाहतो, पिन ताडून पाहतो आणि होय किंवा नाही असे कळवितो. चोरट्यांनी या प्रश्नोत्तरांच्या वाटेवरच आपला एक तोतया उत्तर देणारा बसविला होता. एटीएमचा प्रश्न बँकेपर्यंत पोहोचलाच नाही. मधला तोतया प्रत्येक प्रश्नास 'होय' म्हणत गेला आणि यंत्रे नोटा देत गेली. २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातील काही गावांतून सुमारे अडीच कोटी रुपये अशा रीतीने काढले गेले. दोन दिवसांनी, १३ ऑगस्टला, बँका एकमेकींस ज्या मार्गाने परदेशी रकमा पाठवितात त्या मार्गाने बनावट संदेश धाडून आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगला वळविण्यात आले. एकंदर रक्कम ९४ कोटींच्या वर गेली. पुढे २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांस दोषी ठरविले. एवढ्या मोठ्या चोरीत कोठे कुलूप तुटले नाही की कोणास धाकदपटशा झाला नाही.

बँकेवर असा घाला घालणे हे फार कुशल टोळ्यांचे काम आहे. घरोघरच्या चोरीस इतके कौशल्य लागत नाही, कारण घरातील होकार माणूस देतो आणि माणसाला घाबरविता येते. दुपारची वेळ असते. घरात आजोबा एकटे असतात. फोन वाजतो. पलीकडील माणूस आजोबांचे पूर्ण नाव घेतो, बँकेचे नाव सांगतो आणि म्हणतो, "तुमचे खाते आज बंद होणार आहे, आलेला ओटीपी लगेच सांगा." कधी तो पोलीस अधिकारी बनतो, गणवेश घालून चित्रफोनवर दिसतो आणि तुम्हांला 'डिजिटल अटक' झाली आहे असे बजावतो. असली अटक भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. फोनच्या पडद्यावर उमटणारा क्रमांक बनावट असू शकतो. आणि आपले नाव, पत्ता त्यास ठाऊक आहे एवढ्यावरून तो खरा ठरत नाही. आपली अशी माहिती कितीतरी दुकानांत व कचेऱ्यांत आपणच लिहून दिलेली असते.

या साऱ्या सोंगांत एक खूण मात्र सारखी आढळते, ती घाईची. विचार करू देऊ नये, घरातील दुसऱ्या माणसाशी बोलू देऊ नये, फोन ठेवू देऊ नये, यासाठी चोराची सारी खटपट चाललेली असते. त्यावर उपाय साधा आहे. फोन ठेवावा आणि बँकेच्या पासबुकावर किंवा कार्डाच्या पाठीवर छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन करावा. संदेशातून आलेल्या दुव्यावर बोट ठेवून बँकेच्या दारी जाऊ नये. तो दुवा कोणत्या दारी नेईल याचा नेम नसतो. संकेतस्थळावर कुलपाचे चिन्ह दिसते म्हणून काहीजण निर्धास्त होतात. ते चिन्ह लखोट्यावरील लाखेसारखे आहे. वाटेत पत्र कोणी वाचले नाही एवढेच लाख सांगते. पत्र घेणारा सज्जन आहे की नाही, हे ती कशी सांगणार?

यूपीआयने पैसे देताघेताना तर एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकणे म्हणजे आपल्या खात्यातून रक्कम देण्यास होकार देणे. "तुमचे जुने कपाट विकत घेतो, पैसे पाठविले आहेत, ते मिळण्यासाठी पिन टाका," असे जो म्हणतो, तो पैसे देण्यास आलेला नाही.

आता पासवर्डाकडे पाहू. चार अंकी पिनच्या सगळ्या मिळून १०,००० जोड्या होतात. इतक्या जोड्या संगणक निमिषात तपासून टाकील. परंतु काही चुकीच्या प्रयत्नांनंतर बँक कार्डच अडविते, म्हणून तो लहानसा पिन पुरतो. जेथे असे अडविणारे कोणी नसते, तेथे लांबीच कामास येते. नुसत्या लहान इंग्रजी अक्षरांचा बारा अक्षरी पासवर्ड घेतला, तरी २६ ला २६ ने गुणीत बारा वेळा मांडल्याइतक्या जोड्या होतात. ही संख्या ९५ हजार लाख कोटींच्या घरात जाते. म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चारपाच शब्द जोडून केलेला पासवर्ड बळकट असतो आणि लक्षातही राहतो. मात्र तोच पासवर्ड सर्वत्र वापरू नये. एखाद्या दुकानाची ग्राहकांची यादी फुटली, की चोर तीच किल्ली प्रथम तुमच्या ईमेलला आणि मग बँकेला लावून पाहतात.

व्यापारात होकाराची पारख अधिकच कठीण असते, कारण तेथे घाई ही रोजचीच असते. समजा, नाशिकच्या एका द्राक्ष निर्यातदारास खोके पुरविणाऱ्या कारखान्याचे ईमेल आले, "आमचे बँक खाते बदलले आहे, या वेळची रक्कम नव्या खात्यात भरावी." मजकूर रोजच्यासारखा, खाली सही रोजचीच. फक्त पाठविणाऱ्याच्या पत्त्यात इंग्रजी 'ओ' अक्षराच्या जागी शून्य आहे. हिशेबनीस कितीही दक्ष असला, तरी मार्च अखेरच्या गडबडीत ते शून्य त्याच्या दृष्टीस पडेलच असे नाही. तेव्हा डोळ्यांवर भिस्त न ठेवता रीत पाडावी. नवे खाते आले, की पूर्वीपासून वहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करून घ्यावी आणि मोठी रक्कम दोघांच्या संमतीशिवाय बाहेर जाऊ देऊ नये.

सगळेच घाले पैशासाठी असतात असे नाही. जून २०१७ मध्ये युक्रेनमधील एका हिशेबाच्या संगणक प्रणालीच्या सुधारित आवृत्तीतून एक विध्वंसक प्रणाली पसरली. लोकांनी विश्वासाने आवृत्ती घेतली आणि तिच्याबरोबर शत्रूही आत आला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पडले. आपल्या न्हावाशेवा बंदरातील त्याच उद्योगसमूहाच्या धक्क्यावरही कंटेनरांची चढउतार थांबली. कंपनीला सुमारे ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. तिच्या जाळ्याची जी मूळ नोंदवही होती, तिची एकच धड प्रत उरली, ती आफ्रिकेतील घाना देशात. घाला आला तेव्हा तेथे वीज गेली होती! नशिबाने वाचलेली ती प्रत विमानाने आणावी लागली. आपल्याकडेही वीज जाते. पण तिच्यावर विसंबणे बरे नव्हे. दुकानाच्या हिशेबाची, घरातील छायाचित्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि काम झाल्यावर ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. जोडलेली प्रत मूळ वस्तूबरोबरच नष्ट होते.

इतके करूनही एखाद्याची फसवणूक झालीच, तर पहिला तास फार मोलाचा असतो. चोर रक्कम एका खात्यात ठेवीत नाही. ती भराभर पुढच्या खात्यांत सरकवितो. १९३० या सरकारी क्रमांकावर लगेच कळविले, तर ती वाटेतील एखाद्या खात्यात गोठविता येण्याचा संभव असतो. बँकेलाही त्याच वेळी कळवावे. वडीलधारी माणसे पुष्कळदा लाजेने दोन दिवस कोणास सांगत नाहीत, आणि चोराला नेमके तेच दोन दिवस हवे असतात. अशा वेळी त्यांना दोष देत न बसता घरातल्या मुलाने फोन लावून द्यावा. तक्रार नोंदविताना खाते कोणत्या बँकेत आहे, व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम विचारली जाते. म्हणून आलेले संदेश रागाने पुसून टाकू नयेत. ते तसेच राहू द्यावेत.