आधी स्थळ, मग खोपा

गेल्या आठवड्यात शिंपी पक्षी पानं शिवून घर कसं करतो ते पाहिलं. आज सुगरण. आदिलाबाद जिल्ह्यातल्या तलमडुगूसारख्या गावाच्या शिवारात, कापूस-तुरीच्या मधल्या विहिरीवर एखादी शिंदी किंवा बाभूळ वाकलेली असेल, तर पावसाळ्यात तिच्याकडे जरूर मान वर करून पाहावं. तेलुगू बोलणारे शेजारी या पक्ष्याला गिजिगाडू म्हणतात.

खोपा विणतो तो नर. पावसाच्या सुमाराला त्याचा माथा पिवळाधमक होतो, गाल काळपट होतात आणि तो कामाला लागतो. गवताच्या, भाताच्या किंवा शिंदीच्या पात्याला कडेला चोचीने चीर द्यायची, टोक पकडायचं आणि उडायचं. 20 ते 60 सेंटिमीटरची पट्टी सोलून हातात, म्हणजे चोचीत, येते. अशा 500 पर्यंत खेपा एका खोप्यामागे होतात. आधी फांदीला गाठी, मग एक कडं, मग कड्याभोवती भिंती. चोच आणि पाय एवढीच हत्यारं.

साधारण 8 दिवसांत उलट्या टोपासारखा अर्धा खोपा तयार होतो आणि नर तिथेच हात आखडतो. त्याला लटकून पंख फडफडवत तो माद्यांना हाका मारतो. एखादी येते, आत शिरते, ठोकून-ओढून पाहते. पसंत पडलं तरच जोडी जमते आणि मगच तो अंड्यांची खोली आणि खाली उतरणारी लांब नळी पुरी करतो. नापसंत टोप तसेच लोंबत राहतात. पुरा खोपा व्हायला 18 दिवसांच्या आसपास लागतात.

सलीम अलींनी 1930 साली अलिबागजवळच्या किहीमला हे सगळं बारकाईने पाहिलं. एक मादी अंड्यांवर बसली की तोच नर दुसरा खोपा विणायला घेतो, दुसरी मादी मिळवतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढचं. मादी वीण किती सुबक आहे हे पाहत असेल, असंच कुणालाही वाटेल. पण अभ्यासात आढळलं की तिच्या निवडीत कारागिरीपेक्षा जागेला वजन जास्त. आणि ते रास्तच आहे. साप, कावळा, सरडा, उंदीर यांच्यापुढे सुबक विणीचा काय उपयोग? खाली पाणी, भोवती काटे, लवती फांदी, हेच पिल्लांना वाचवतं. खोपे पुष्कळदा झाडाच्या पूर्व अंगाला असतात, म्हणजे नैर्ऋत्येच्या सरी झाडच अंगावर घेतं.

आतल्या भिंतीला नर ओल्या मातीचे गोळे थापतो. त्यात काजवे चिकटवून सुगरण घरात उजेड करते, असं जुनी माणसं सांगतात. उजेडाचं काही खरं नाही. वाऱ्यात खोपा कमी हेलकावावा म्हणून हे वजन असावं, असा एक तर्क आहे.

2 ते 4 पांढरी अंडी मादी एकटीच 14 ते 17 दिवस उबवते. पिल्लं उडाली की रिकाम्या खोप्यांत मुनिया आणि उंदीर बिऱ्हाड थाटतात.

पुढच्या आठवड्यात धनेश: त्याची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला भरवतो.