मठातली बिअर आणि जिभेची साक्ष

ल्यूव्हेनच्या त्या बैठकीत माझ्यासमोर पाच पेले होते. पाचही गडद, तांबूस तपकिरी. कोणता पेला कुणाचा हे फक्त ओतणाऱ्याला ठाऊक. आम्हाला प्रकार तेवढा सांगितलेला होता: बेल्जियन पद्धतीची गडद, तीव्र एल. एल म्हणजे काहीशा उबदार तापमानात आंबवलेली बिअर. हौशी बिअर करणाऱ्यांच्या या गटात मी दोन हिवाळे जात होतो आणि आपली जीभ आता बरीच तयार झाली आहे, असा माझा समज होता. तिसऱ्या पेल्याला मी ५० पैकी ४२ गुण दिले आणि कागदाच्या कडेला लिहिलं, ‘मठातलीच’. चौथ्याला ३३ दिले आणि लिहिलं, ‘घरगुती, पण चांगली’.

तिसरा पेला एका मोठ्या कारखान्यातला निघाला. चौथा खऱ्याखुऱ्या मठातून आलेला होता.

या फजितीनंतर मी दोन प्रश्नांच्या मागे लागलो. ‘मठातली’ हा शब्द नेमकं काय सांगतो? आणि पेल्यात जे असतं त्यातलं जिभेला किती कळतं?

आधी शब्दाकडे पाहू. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत भिक्षूंनी स्वतःच्या हातांनी काम करून जगावं, असं सांगितलं आहे. हा नियम कडकपणे पाळणाऱ्या सिस्टर्सियन भिक्षूंना फ्रान्समधल्या ला ट्राप मठावरून ‘ट्रॅपिस्ट’ म्हणतात. फ्रेंच राज्यक्रांतीत मठ उद्ध्वस्त झाले, भिक्षू परागंदा झाले आणि पुढे आजच्या बेल्जियमच्या भूमीवर मठ पुन्हा उभे राहिले. कुणी चीज केलं, कुणी बिअर. वेस्टमालेच्या मठात १८३६ पासून बिअर होते. पण ती काही आज जगभर वाखाणली जाणारी तीव्र बिअर नव्हती.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. प्रत्येक जाहिरातीत मध्ययुगीन कमानी आणि टोपडं घातलेला साधू असतो, पण हा तीव्र प्रकार प्रामुख्याने विसाव्या शतकातला आहे. १९१९ च्या कायद्याने बेल्जियममधल्या पेयगृहांत कडक दारू विकायला बंदी आली. जेनेव्हरची सवय असलेल्या गिऱ्हाइकाला दुसरं काहीतरी जोरकस हवं होतं, आणि तीव्र बिअरला बाजार मिळाला. वेस्टमालेने फिकट, तीव्र बिअर आणली ती १९३४ मध्ये. आपल्याकडे घराण्यांच्या परंपरा जशा मागाहून जुन्या होत जातात, तसंच हे थोडंसं.

आता नावाचा कायदा. ‘ट्रॅपिस्ट’ची खूण मिळायला तीन अटी आहेत: बिअर मठाच्या आवारात व्हावी, तिच्यावर भिक्षूंची देखरेख असावी, आणि मिळकत मठाच्या निर्वाहाला व दानधर्माला जावी. ‘ॲबी बिअर’ हे नाव त्याहून सैल. एखाद्या मठाशी करार केलेला व्यावसायिक कारखानाही ते वापरू शकतो. दिनांच्या लेफ मठाने असा करार १९५२ मध्ये केला. आज ‘लेफ’ होते ती ल्यूव्हेनमध्येच, एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या कारखान्यात.

या अटी पुन्हा वाचून पाहा. एकही अट चवीबद्दल नाही! याचा ढळढळीत पुरावा आखेलच्या मठाने दिला. तिथे भिक्षूच उरले नाहीत, म्हणून २०२१ मध्ये त्या बिअरची ट्रॅपिस्ट खूण गेली. भिक्षू गेल्याने पेल्यातल्या चवीत काय फरक पडला असेल? ही खूण म्हणजे पैसा कुठे जातो आणि काम कुणाच्या नजरेखाली होतं, याचं प्रमाणपत्र. ते मोलाचं आहे, मला स्वतःला ते फार महत्त्वाचं वाटतं. पण ते गुणपत्रिकेत लिहायचं नसतं.

आणि प्रसिद्धी? २००५ मध्ये बिअरप्रेमींच्या मतांवरून वेस्टफ्लेटेरनच्या सेंट सिक्स्टस मठाची ‘१२’ जगातली सर्वोत्तम बिअर ठरली आणि मठाच्या दाराशी मोटारींची रांग लागली. भिक्षूंनी मात्र उत्पादन वाढवलं नाही. आधी फोनवर नोंदणी करायची, मोटारीचा क्रमांक द्यायचा, घेतलेली बिअर पुन्हा विकायची नाही, असा तेव्हा त्यांचा शिरस्ता होता. बाटलीवर कितीतरी वर्षं कागदी लेबलसुद्धा नव्हतं. झाकणाच्या रंगावरून ओळखायचं. एवढे सायास करून घरी आणलेली बाटली उघडताना कुणाची जीभ निःपक्षपाती राहील? पंढरीच्या वारीहून आलेल्या बुक्क्याला आपण वास घेऊन गुण देत नाही. म्हणून तर परीक्षकांसमोरचे पेले निनावी.

गुणांची वाटणी, निदान आम्ही वापरत होतो त्या अमेरिकी पद्धतीत, अशी: गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. रूपाला केवळ ३, हे लक्षात घेण्याजोगं. फेस दाट हवा आणि टिकायला हवा, एवढं पाहिलं की पुढे जायचं. गंधाशी मात्र रेंगाळावं लागतं. बाटली फ्रिजमधून थेट काढलेली असेल तर गंध मिटलेलाच राहतो; १२ अंशांच्या आसपास तो उमलतो. बाटलीच्या तळाशी यीस्टचा गाळ असतो, तो न ढवळता ओतायचं. पहिला वास पेला स्थिर ठेवून घ्यायचा, दुसरा हलकेच फिरवून.

इथे माझी भाषेची अडचण सुरू झाली. पिण्याचा परवाना लागणाऱ्या राज्यातला मी. झिंगण्यासाठी मराठीत शब्द भरपूर, पण पेयाच्या चवीसाठी इंग्रजी परीक्षकांची उसनी फळंच हाती. पहिल्या हिवाळ्यात मी न खाल्लेल्या फळांची नावं टिपत होतो. मग ते सोडलं आणि आजीच्या फडताळाकडे वळलो: मनुका, सुकं अंजीर, आलुबुखार, खजूर, पाक करताना किंचित जळलेली साखर. त्यामागे लवंग, मिरी आणि पिकलेल्या केळ्याची झुळूक. रोशफोरच्या बिअरमध्ये थोडे धनेही पडतात. लवंग आणि केळं मात्र कुणी घातलेलं नसतं. ती यीस्टची करामत. काळ्या फळांचा वास बराचसा माल्टचा आणि गडद साखरपाकाचा.

आता तो साखरपाक, कारण या बिअरचं सगळं रहस्य तिथे आहे. साखर घातली की पदार्थ गोड होतो, हा आपल्या स्वयंपाकघरातला हिशेब. इथे तो उलटा पडतो. बार्लीच्या माल्टमधून जो गोड रस निघतो, त्यातला काही भाग यीस्टला खाता येत नाही; तो अंगात उरतो आणि बिअर जड, गुळमट होते. पाकातली साखर यीस्ट जवळजवळ सगळी खाऊन टाकतं. म्हणून एकूण साखरेतला दहा-वीस टक्के भाग पाकाचा असला, तर अल्कोहोल वाढतं आणि बिअर उलट कोरडी, हलकी होते. रोशफोरच्या ‘१०’मध्ये ११.३ टक्के अल्कोहोल असतं (बाटलीवरचा १० हा आंबवण्यापूर्वीच्या रसाची घनता मोजण्याच्या जुन्या बेल्जियन मापातला आकडा), तरी घोट चिकट लागत नाही. फ्लेमिश जाणकार चांगल्या तीव्र बिअरला ‘पचायला हलकी’ म्हणतात. हा शब्द मला भाषांतर न करता कळला.

म्हणजे या प्रकारात मुख्य परीक्षा ताकदीची नसून ती ताकद किती बेमालूम लपली आहे, याची असते. घोट गिळल्यावर छातीत ऊब यावी, पण घसा जळू नये. सुरुवात गोडसर, शेवट कोरडा. कडवटपणा फक्त तोल सांभाळण्यापुरता. माझी चूक नेमकी इथे झाली होती. तिसरा पेला गोड, गोलसर होता, आणि मी गोडव्यालाच श्रीमंती समजलो. चौथा इतका कोरडा, इतका निगर्वी, की तो मला साधा वाटला.

पाचवा पेला माझ्या प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याने घरी केलेला होता, हे नंतर कळलं. त्याला मी २६ दिले होते. गंधात नेलपॉलिशची छटा, घशात जाळ. त्याने मला कारण विचारलं, आणि मघाच्या फजितीनंतर उत्तर द्यायला मला संकोच वाटला. पण हा दोष खरा होता. तीव्र रसात यीस्टला फार ऊब मिळाली, विशेषतः पहिल्या दोन-तीन दिवसांत, की ते असे उग्र घटक तयार करतं. मात्र तापमानाचा एकच नियमही नाही. वेस्टफ्लेटेरन यीस्ट आणतं ते वेस्टमालेहून. वेस्टमाले त्याला २० अंशांच्या आसपास आवरून धरतं, तर वेस्टफ्लेटेरनमध्ये तेच यीस्ट २८ च्या घरात जातं आणि तरी बिअर जळजळीत होत नाही. तिथे ही ऊब सावकाश चढते, आणि नंतर बिअर थंडाव्यात कित्येक आठवडे मुरते. सहकाऱ्याने पिंप स्वयंपाकघरात रेडिएटरजवळ ठेवलं होतं आणि तीन आठवड्यांत बाटल्या भरल्या होत्या.

यंदा त्याने पिंप तळघरात ठेवलं, १८ अंशांवर सुरुवात केली आणि पाक दोन दिवस उशिरा घातला. त्याने दिलेली एक बाटली माझ्या कपाटात उभी आहे. झाकणावर पेन्सिलीने तारीख घातली आहे. जानेवारीच्या आत उघडायची नाही, असं त्याचं बजावणं आहे.