बंब, बाभूळ आणि कानस

आमच्या घरी गॅस आहे, गच्चीवर सोलरही आहे. तरी दिवाळीपासून होळीपर्यंत आंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबातच तापतं. आई पंच्याऐंशीची आहे, तिला त्याच पाण्याची सवय. बंबाच्या मधल्या नळीत सोडायचं लाकूड वीतभरच लागतं. त्याहून लांब असलं की नळीत तिरकं अडकतं आणि मोरीभर धूर होतो. कुऱ्हाडीने लाकूड उभं फोडता येतं, पण बाभळीचा ओंडका आडवा, वीत-वीत अंतरावर कापणं हे कुऱ्हाडीचं काम नव्हे. माझ्या लहानपणी वडील आणि चुलते समोरासमोर बसून दोन मुठींचा आरा ओढायचे. अख्खा रविवार घालवून जेमतेम आठवड्याचं सरपण व्हायचं. आज तेवढंच काम मी पाऊण तासात उरकतो, ते चेन सॉमुळे.

गावात तिला चेन सॉ कुणी म्हणत नाही. 'कटर' म्हणतात. गेली बारा वर्षं मी कटर वापरतोय, आणि आता शेजारपाजारचे लोक आपले कटर घेऊन माझ्या पडवीत येतात. "तात्या, मशीन ओढत नाही, इंजिन गेलं वाटतं," असं म्हणत ते पोतं खाली ठेवतात. मी झाकण उघडायच्या आधी चेनवरून बोट फिरवून बघतो. बहुतेक वेळा इंजिन ठणठणीत असतं, चेनचे दात गोटा झालेले असतात. कानस काढतो, अर्ध्या तासात मशीन पुन्हा लोण्यातून सुरी जावी तसं चालायला लागतं. मशिनीसाठी वीस-पंचवीस हजार मोजणारा माणूस दोनशे रुपयांची कानस घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आमचं पुणतांबा राहाता तालुक्यात, गोदावरीच्या काठावर. चांगदेवांच्या समाधीमुळे ते वारकऱ्यांना माहीत आहे, शिर्डीचा रेल्वेफाटा इथून फुटतो म्हणून प्रवाशांना, आणि १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप इथून सुरू झाला म्हणून साऱ्या महाराष्ट्राला. इथे सरपण येतं तीन वाटांनी. बांधावरची आणि पाटाच्या कडेची बाभूळ, वेडी बाभूळ ही पहिली वाट. दुसरी, काढून टाकलेल्या पेरूच्या बागा. राहात्याचा पेरू नावाजलेला, पण मर रोग आणि सूत्रकृमी लागले की बाग काढावीच लागते. आणि तिसरी, पुरात गोदेने काठाला आणून टाकलेलं लाकूड. तिन्ही लाकडं कटरला वेगवेगळा त्रास देतात.

बाभूळ ओली असताना बऱ्यापैकी सहज कापली जाते. वाळली की तिचा लाल गाभा दगडासारखा होतो आणि चेन नुसती घासत राहते. म्हणून मी ती हिवाळ्यात ओलीच कापतो, लगेच पाचर घालून फोडतो आणि दोन आडव्या दांड्यांवर, जमिनीपासून उचलून रचून ठेवतो. आमच्याकडचं ऊन असं की जूनच्या आत ती खडखडीत वाळते. जुन्या बांधावरच्या बाभळीत मात्र काटेरी तारेचे तुकडे आणि खिळे असतात. साल त्यांच्यावरून वाढून गेलेली असते, बाहेरून काही दिसत नाही. सालीवर काळा-निळा डाग दिसला की मी तिथे चेन लावत नाही. पेरूचं लाकूड घट्ट, पिळाचं, जळायला उत्तम. पण हल्ली बागा जेसीबीने उपटतात, झाडं मुळासकट बांधावर पडतात, आणि मुळांच्या बेचक्यात काळी माती ठासून भरलेली असते. ती मुळं कुऱ्हाडीनेच तोडावीत. पुराच्या लाकडाची तऱ्हा तर सगळ्यात वाईट, सालीच्या प्रत्येक भेगेत वाळू. आधी खराट्याने झाडा, जमलं तर साल काढा, मगच कटर लावा. वाळूत दोन मिनिटं चाललेल्या चेनची धार दिवसभर लाकूड कापूनही जाणार नाही इतकी जाते.

आता मशीन कोणतं घ्यावं? माझं पहिलं मशीन ५८ सीसीचं, २२ इंची बारचं होतं. बार म्हणजे जिच्यावरून चेन फिरते ती पुढची पट्टी. दुकानदार म्हणाला, "मोठं घ्या, सगळं कापतं." किंमत कमी, आकडे मोठे, मी भुललो. घरी आणल्यावर कळलं की माझ्या सरपणात आठ-दहा इंचांपेक्षा जाड बुंधा क्वचितच असतो. लांब बारचं टोक सारखं मागच्या फांदीला नाहीतर मातीला लागायचं, आणि पेट्रोल-तेल भरल्यावरचं वजन तासाभरात हात भरून आणायचं. शेवटी ते मशीन माझ्याच हातून मेलं, ते पुढे सांगतो. साधारण नियम असा : नेहमीच्या बुंध्याच्या जाडीपेक्षा दोन-चार इंच लांब बार पुरतो. एखादा जाड बुंधा आलाच तर दोन्ही बाजूंनी कापता येतो. घरच्या सरपणाला ४० ते ४५ सीसीचं इंजिन आणि १६ इंची बार भरपूर झाला. जो गावोगाव झाडं तोडायचं काम घेतो, त्याने पन्नासच्या वरचं घ्यावं. ज्याला फक्त अंगणात बंबापुरते तुकडे करायचेत, त्याला घरच्या सिंगल फेजवर चालणारा विजेचा कटर चांगला. त्यात पेट्रोल नाही, कार्ब्युरेटर नाही. मात्र वीज गेली की काम थांबतं आणि शेतात वायर पोचत नाही.

सीसीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्या मशिनीची चेन, स्प्रॉकेट, स्टार्टरची दोरी आणि कार्ब्युरेटरचं किट श्रीरामपुरात, कोपरगावात मिळतं का, हे आधी विचारा. पुढच्या मुठीसमोरची ढाल पुढे ढकलली की चेन जागीच थांबते का, तेही दुकानातच बघा. तो चेन ब्रेक. तो नीट चालत नसेल तर मशीन फुकट दिलं तरी घेऊ नये.

पेट्रोलचं आता सांगतो. हे टू-स्ट्रोक इंजिन आहे. त्याच्या पोटात वेगळं तेल नसतं, पेट्रोलात कालवलेलं तेलच पिस्टनला वंगण देतं. चांगल्या टू-टी ऑइलचं प्रमाण बहुतेक कंपन्या १:५० सांगतात, म्हणजे लिटरला २० मिली. साधं तेल असेल तर १:२५, म्हणजे ४० मिली. आपल्या मशिनीच्या पुस्तिकेत जे लिहिलंय तेच खरं. एकदा घाईत मी मोटारसायकलमधून काढलेलं नुसतं पेट्रोल भरलं. दहा मिनिटांत इंजिनचा आवाज बदलला, दोरी ओढायला जड झाली आणि पिस्टन धरला. सिलिंडरवर उभे ओरखडे पडले होते. तेच ते ५८ सीसीचं मशीन. तेव्हापासून मिसळलेल्या पेट्रोलचा कॅन मी लाल रंगाने रंगवलाय आणि घरातल्या कुणालाही तो दुसऱ्या कामाला वापरू देत नाही.

आणखी एक गोष्ट नवी आहे. पंपावरच्या पेट्रोलात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आमचा जिल्हा साखर कारखान्यांचा, त्यातलं काही इथेनॉल आमच्याच उसाचं. पण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि आठवडेच्या आठवडे टाकीत राहिलेलं असं पेट्रोल कार्ब्युरेटरमधली पातळ पडदी आणि रबरी नळ्या खराब करतं. म्हणून लागेल तेवढंच मिश्रण करा, महिन्याच्या आत संपवा. हंगाम संपला की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. दिवाळीत "चालूच होत नाही" म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मशिनी बहुधा गेल्या होळीचं पेट्रोल पोटात घेऊन आलेल्या असतात.

चेनच्या तेलाची टाकी निराळी. पेट्रोलची एक टाकी संपते तोवर तेलाचीही जवळजवळ संपली पाहिजे. तेल तसंच राहिलं तर बारच्या खाचेत भुसा अडकलाय असं समजा. तपासायची सोपी रीत आहे : बारचं टोक पांढऱ्या कागदासमोर धरून मशीन जोरात फिरवा, कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. पुष्कळ जण यात ट्रॅक्टरचं जळकं ऑइल ओततात. त्यात धातूचा कीस असतो, तो तेलाचा पंप खातो. शिवाय तेच तेल लाकडावर उडतं आणि ते लाकूड आपण चुलीत घालतो. मला ते पटत नाही.

आणि आता धार, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसलो. १९४६ साली अमेरिकेच्या ओरेगन भागात जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका बुंध्यातली अळी न्याहाळत बसला होता. आपल्याकडे आंब्याच्या खोडात भिरूड असतो ना, तशीच पोखरणारी अळी. ती आपले वाकडे जबडे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे चालवत लाकडातून आरामात वाट काढत होती. कॉक्सने तसाच वाकडा दात लोखंडात घडवला, एक डावा, एक उजवा. आजच्या चेनचा दात त्याच घराण्यातला आहे. त्याआधीच्या चेन करवतीसारख्या खरवडायच्या, हा दात लाकूड ढलपीने उचलतो. म्हणून धार आहे की गेली हे भुशावरून कळतं. जाड, लांब ढलप्या पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडायला लागला, किंवा मशीन दाबावं लागलं, की थांबा आणि कानस काढा.

कानस गोल आणि नेमक्या जाडीची हवी. ०.३२५ इंच पिचच्या चेनला ४.८ मिलिमीटरची लागते. पिच चेनच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. दाताच्या वरच्या कडेला बहुतेक चेनवर ३० अंशांची बारीक रेघ असते, कानस तिच्याशी समांतर धरायची. फक्त पुढे ढकलायची, मागे ओढताना उचलायची. दर दाताला दोन-तीन घास बस. आधी एका बाजूचे सगळे दात, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे, आणि दोन्हीकडे घास सारखे. एका बाजूचे दात आखूड झाले की काप तिरका जातो, बार ओंडक्यात वाकडा शिरून अडकतो. प्रत्येक दातापुढे एक छोटा उंचवटा असतो, दाताने एका वेळी किती लाकूड घ्यायचं हे तो ठरवतो. तीन-चार वेळा धार लावून झाली की तो चपट्या कानशीने किंचित उतरवावा लागतो. दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली. बेताने. जास्त उतरला तर मशीन दचके मारतं.

चेनचा ताण गार असताना बघायचा. ती बारच्या खालच्या कडेला चिकटलेली हवी, तरी हाताने सहज फिरायला हवी. दर वेळी धार लावताना बार उलटा करून बसवला तर तो दोन्ही बाजूंनी सारखा झिजतो. एअर फिल्टर रोज झटका. बाभळीचा भुसा फार बारीक असतो, तो लवकर भरतो.

बोथट चेन धोक्याचीही असते, कारण माणूस मग जोर लावतो. पाच वर्षांपूर्वी पेरूच्या फांद्या छाटताना बारच्या टोकाचा वरचा भाग आतल्या दुसऱ्या फांदीला टेकला आणि मशीन उसळून माझ्या तोंडाकडे आलं. सेकंदाला वीसेक मीटर पळणारी चेन ती. डावा हात ढालीला लागला, ब्रेक बसला, कपाळावर फक्त मुठीचा मार बसला. टोकाच्या त्या वरच्या भागाने कधीही कापू नका. डावा अंगठा मुठीखाली वळवून धरा, खांद्याच्या वर मशीन नेऊ नका. चष्मा, कानाला मफ, पायात जाड बूट हवेतच. चप्पल आणि लुंगीवर कटर चालवणारी माणसं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असेल तर वरून तिसरा हिस्सा कापून उरलेलं खालून कापा. एक टोक अधांतरी असेल तर उलट, आधी खालून. नाहीतर लाकूड बारला चिमटीत धरतं किंवा उभं फाटतं.

आणि झाड आपल्या बांधावरचं असलं तरी कटर लावायच्या आधी ते कोणतं आहे ते बघा. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याने चिंच, आंबा, जांभूळ, चंदन, साग ही झाडं स्वतःच्या जमिनीतलीही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. जळणासाठी चिंच पाडायची तशी गरजही नाही, वेडी बाभूळ सरता सरत नाही.

या दिवाळीआधी कटर घ्यायचा विचार असेल तर दुकानातून मशिनीबरोबर दोन गोल कानशी, एक चपटी कानस आणि एक जादा चेन घेऊनच निघा. आणि पहिल्या दिवशी रानात एकटे जाऊ नका, हाकेच्या अंतरावर कुणीतरी असू द्या.