हिरडीचा पहिला इशारा

देवळ्याच्या परिसरातील व्यापाऱ्याला साठवणुकीचे एक तत्त्व अनुभवाने ठाऊक असते. चाळीतील कांद्याची रास वरून निकोप दिसली, तरी आत सड लागलेली असू शकते. ती खूण वेळीच ओळखून निवड करणारा उरलेला माल वाचवतो. मालाविषयी इतका दक्ष असणारा हाच गृहस्थ सकाळी चूळ भरताना पाण्यात लाल छटा दिसली, तर ‘ब्रश लागला असेल’ असे म्हणून दुकानाकडे वळतो. पुढे अनेक दात गमावण्याची सुरुवात अशा दुर्लक्षातूनच होते.

निरोगी हिरडी घट्ट असते आणि दात घासताना तिच्यातून रक्त येत नाही. दात स्वच्छ केल्यानंतर काही तासांतच त्यांवर जिवाणूंचा चिकट थर पुन्हा जमू लागतो. तो हिरडीच्या कडेशी साचून राहिला की हिरडी लाल होते, सुजते आणि किंचित स्पर्शानेही रक्त येते. लाळेतील क्षारांमुळे हा थर कडक होतो, तेव्हा त्याला कीटण म्हणतात. कीटण ब्रशने निघत नाही.

डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत मार्गदर्शक ठरला. निरोगी हिरड्यांच्या १२ व्यक्तींनी दात स्वच्छ करणे थांबवले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना सूज आली. स्वच्छता पुन्हा सुरू होताच ती ओसरली. याचा अर्थ स्पष्ट आहे. रक्त येते म्हणून घासणे थांबवल्यास रोग वाढतो. मऊ ब्रशने, हलक्या हाताने, पण नियमित घासणे हाच पहिला उपाय होय.

या टप्प्यावर दुर्लक्ष झाले, तर सूज खोलवर उतरते. हिरडी दातापासून सुटून तिथे खिसा तयार होतो आणि दाताला आधार देणारे हाड झिजू लागते. यालाच बोलीभाषेत ‘पायरिया’ म्हणतात. तो सहसा दुखत नाही, हाच त्याचा मोठा धोका. मुखदुर्गंधी, दात लांब दिसू लागणे, दातांत नव्याने फटी पडणे, हिरडीतून पू येणे आणि दात हलणे ही त्याची लक्षणे आहेत. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. म्हणून ‘वय झाले की दात पडायचेच’ ही समजूत सोडून दिली पाहिजे; पुष्कळदा दात वयाने पडत नाहीत, रोगाने पडतात.

दिवसभर गादीवर बैठे काम करणाऱ्या कुटुंबांनी मधुमेहाचा संबंध विशेष ध्यानात घ्यावा. रक्तातील साखर वाढलेली असेल, तर हिरड्यांचा रोग बळावतो. आणि हिरड्यांची सूज असेल, तर साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते. तंबाखूही हिरड्यांची शत्रू आहे. धूम्रपानाने रक्तस्राव कमी होतो, त्यामुळे रोग झाकला जातो. दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास भारत सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. तरीही घरी भाजून केलेली मिश्री दातांना लावण्याची सवय अनेक ठिकाणी टिकून आहे. दुकानातील हमाल, मदतनीस यांनाही हे समजावून सांगणे मालकाचे कर्तव्य ठरावे.

चौविहार पाळणाऱ्या कुटुंबांत सायंकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी होते. पच्चक्खाण घेतल्यावर चूळ भरणेही थांबते आणि दातांत अडकलेले अन्नकण रात्रभर तसेच राहतात. झोपेत लाळ कमी होत असल्याने जिवाणूंना मोकळीक मिळते. म्हणून भोजन थोडे आधी आटोपून, पच्चक्खाणापूर्वी दोन मिनिटे दात घासण्याचा नेम ठेवावा. ब्रशचे केस हिरडीच्या कडेकडे तिरपे धरावेत, दातांच्या फटी धाग्याने किंवा बारीक ब्रशने साफ कराव्यात आणि साधारण तीन महिन्यांनी ब्रश बदलावा. उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून चूळ भरल्याने आराम पडतो. कीटण मात्र त्याने निघत नाही.

ते दंतवैद्याकडेच काढून घ्यावे लागते. ‘सफाई केली की दात ढिले होतात’ हा गैरसमज आहे. कीटण निघाल्यावर आधी झाकलेल्या फटी दिसू लागतात, इतकेच. रोग खोल गेला असेल, तर मुळांची सफाई आणि प्रसंगी हिरडीची शस्त्रक्रिया करतात. अशा वेळी हिरडीरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. दंत महाविद्यालयांत यासाठी स्वतंत्र विभाग असतो आणि देवळ्याच्या कुटुंबांना नाशिकच्या पंचवटीतील दंत महाविद्यालय जवळचे आहे. रक्त पातळ करणारी औषधे किंवा मधुमेह असल्यास ते आधीच सांगावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हिरड्या फुगतात. पण गोळी स्वतःहून बंद करू नये. नियमित घासूनही दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही, तर तपासणी लांबवू नये.

रोजमेळातील चूक त्याच रात्री सापडली, तर दुरुस्ती एका ओळीची असते. वर्षाअखेरीस सापडली, तर साऱ्या वह्या उलगडाव्या लागतात. चुळीच्या पाण्यातील लाल छटा ही त्याच रात्रीची चूक आहे.