बत्तीसमधले दहा

आमच्याकडे बोअर घ्यायचा म्हटलं की आधी पाणाड्या येतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालतो, आणि नारळ उभा राहिला की त्या जागी दगड ठेवायचा. माझ्या सासऱ्यांचा त्याच्यावर फार भरवसा. पुरावा म्हणून ते पाणी लागलेल्या चार बोअरच्या मालकांची नावं घ्यायचे. बीड जिल्ह्यात फेल गेलेल्या बोअरला तोटा नाही, पण ते कुणी नावानिशी सांगत बसत नाही. आणि पाणाड्याला न विचारता घेतलेल्या बोअरपैकी कितींना पाणी लागलं, हे तर कुणी मोजलेलंच नाही.

एम.एड.च्या पहिल्या वर्षी आमच्या मॅडमनी फळ्यावर ‘शून्य परिकल्पना’ लिहिलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो नारळ आला. नारळाचा आणि पाण्याचा काहीएक संबंध नाही, असं आधी धरून चालायचं आणि मग पुरावा तेवढा भक्कम असेल तरच ते मत सोडायचं, एवढाच त्याचा अर्थ. व्याख्या तीन ओळींची होती. मला ती पाठ व्हायला दोन दिवस लागले आणि अंगी मुरायला दोन वर्षं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा वर्षं शिकवतेय. अडतिसाव्या वर्षी अध्ययन रजा टाकून एम.एड.ला गेले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनंतर हा अभ्यासक्रम एका वर्षाचा दोन वर्षांचा झाला, आणि लघुशोधप्रबंध त्यात सक्तीचा. डी.एड.ला आम्ही कृतिसंशोधन केलं होतं. खरं सांगायचं तर बहुतेकांनी ते उतरवलंच होतं. अमेरिकेत स्टीफन कोरी यांनी १९५३ साली या विषयावर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यांच्या मनात होतं ते असं की शिक्षकानं आपल्याच वर्गातली अडचण पद्धतशीर तपासावी. आमच्याकडे त्याची फाईल झाली. कव्हर रंगीत, आत निष्कर्ष ठरलेला: ‘उपक्रमामुळे विद्यार्थ्यांच्या संपादणुकीत लक्षणीय वाढ झाली.’ पंचवीस मुली, पंचवीस उपक्रम आणि पंचवीसही यशस्वी!

माझा पहिला विषय होता ‘ऊसतोड कामगारांच्या पाल्यांच्या शैक्षणिक समस्यांचा अभ्यास’. मॅडमनी कागद परत दिला. “अहो, समस्या आहेत हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. मग शोधताय काय?” पंधरा दिवस मी त्यांच्यावर नाराज होते. शेवटी प्रश्न लहान झाला: रोज वीस मिनिटं गोष्टीचं पुस्तक मोठ्यानं वाचून घेतलं, तर आठ आठवड्यांत चौथी-पाचवीच्या मुलांचं वाचन सुधारतं का? याला ‘नाही’ असं उत्तर येऊ शकत होतं. मॅडमना तेच हवं होतं, हे मला पुढं कळलं.

मग टूल. वर्गात सगळे ‘टूल’च म्हणतात, ‘साधन’ हा शब्द फक्त प्रबंधात लिहायचा. पालकांसाठी प्रश्नावली केली. रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली श्रेणी वापरली, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत पाच घरं. ‘मी मुलांना रोज अभ्यासाला बसवतो व शाळेतल्या प्रगतीची चौकशी करतो.’ बत्तीसपैकी एकतीस पालकांची खूण पहिल्या घरात. मी खूश! मग पुन्हा वाचलं आणि लक्षात आलं की एका वाक्यात मी दोन प्रश्न घुसवले होते, वर विचारणारी होते मुलांची बाई. बाईंच्या तोंडावर कोण म्हणेल, नाही बसवत म्हणून? बत्तिसावी आई चुलीपुढं बसली होती. तिनं कागद हातातसुद्धा घेतला नाही. “बाई, तुमाला काय लिवायचं ते लिवा,” म्हणाली. त्या सगळ्या गठ्ठ्यात खरं उत्तर तेवढंच होतं. प्रश्नावली बाद केली. मुख्य कामाआधी थोड्या लोकांवर टूल चाचपून बघतात, त्याला पायलट म्हणतात. माझा पायलट असा बत्तीस घरांत फिरून झाला.

वाचनाची चाचणी मात्र बरी जमली. अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट अशा चढत्या पायऱ्या, एकूण २० गुण. ही कल्पना ‘असर’ पाहणीतून घेतली. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ती करते: जिल्ह्यात ३० गावं, गावात २० घरं. गावाचे चार भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात मधून सुरुवात करून दर पाचव्या घरी जायचं, म्हणजे ओळखीचं किंवा सडकेलगतचं घर मुद्दाम निवडलं जात नाही. मुलांची चाचणी शाळेत नाही, घरी घेतात. त्याचं कारण वाचलं तेव्हा मी मान डोलावून पान उलटलं होतं. शाळेत घेतली तर गैरहजर मुलं सुटतात, एवढंच तर ते कारण होतं.

सप्टेंबरअखेर पूर्वचाचणी घेतली. मुलं ३२, सरासरी ९. मग रोज वीस मिनिटं वाचन. मधे दिवाळीची सुट्टी गेली. ऊसतोडीच्या मुकादमांनी उचल आधीच वाटलेली होती, सण झाला तसे ट्रॅक्टर भरले आणि गाव निम्मं रिकामं झालं. दरवर्षीचंच चित्र, त्यामुळं मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. डिसेंबरात उत्तरचाचणी घेतली. सरासरी १२!

नवाची बारा. मी मोबाईलवरच मॅडमना सांगितलं. पलीकडून विचारणा झाली, “मुलं किती?” बावीस. “आधी किती होती?”

दुसऱ्या दिवशी कॉलेजात त्यांनी मला वहीत नुसती वजाबाकी करायला लावली. गेलेली दहा मुलं वेगळी काढली. त्यांची सप्टेंबरची सरासरी ४.६. मागं राहिलेल्या बावीस जणांची सप्टेंबरची सरासरी ११. म्हणजे मी एक पानही वाचून घेतलं नसतं, तरी दहा जण ट्रॅक्टरवर चढल्याबरोबर वर्गाची सरासरी ९ वरून ११ झाली असती. माझ्या तीन गुणांतले दोन गुण ट्रॅक्टरचे होते. ही मुलं मागं का होती, तर आदल्या वर्षीही ती अशीच सहा महिने फडावर होती. ज्यांना घरी सांभाळायला आजी होती किंवा ज्यांची हंगामी वसतिगृहात सोय लागली, ती राहिली. संशोधनात याला ‘न्यादर्शाची गळती’ असं कोरडं नाव आहे, आणि पुस्तकात त्यावर जेमतेम अर्धं पान.

उरला एक गुण, अकराचा बारा. तो तरी वाचनाचा की योगायोगाचा, यासाठी टी-चाचणी. ही चाचणी डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी काढली. कंपनी स्वतःच्या नावानं छापू देत नव्हती, म्हणून १९०८ मध्ये त्यांनी ती ‘स्टुडंट’ या टोपणनावानं प्रसिद्ध केली. हातात नमुने थोडेच असताना फरकावर किती विश्वास ठेवायचा, ही त्यांची अडचण होती आणि माझीही तीच. (आमच्या गावात दारूबंदीची फेरी माझ्याच शाळेतून निघते, तेव्हा तिथं हे सांगायची सोय नाही.) बावीस मुलांसाठी ०.०५ स्तरावर टी-मूल्य किमान २.०८ हवं. माझं आलं १.६२. शून्य परिकल्पना फेटाळता आली नाही. म्हणजे वाचनाचा उपयोग होत नाही असं नव्हे. होतो असं म्हणण्याइतका पुरावा माझ्या हाती नाही, इतकंच. हा फरक घरी समजावताना माझी दमछाक झाली. “मग दोन वर्षं केलं काय?” नवऱ्याचा प्रश्न रास्त होता.

कॉलेजशेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे जुने प्रबंध मिळायचे. एका मैत्रिणीनं सुचवलं, दहा जणांचं नावच काढून टाक, न्यादर्श पहिल्यापासून बावीसचाच दाखव. २०१८ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याचे नियम आहेत, दहा टक्क्यांवर जुळणारा मजकूर सापडला की चौकशी होते. पण सॉफ्टवेअरला उसनी वाक्यं सापडतात. जी मुलं कागदावर आणलीच नाहीत, ती त्याला कुठून सापडणार? मोह झाला नाही असं म्हणणार नाही. एक अख्खी रात्र बावीसचाच तक्ता करून बसले होते.

जानेवारीत एका रविवारी एस.टी.नं पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या तळावर गेले. दहापैकी चौघं सापडली. बाकीच्यांच्या टोळ्या दुसरीकडे हलल्या होत्या. कोपीबाहेर पाचटावर बसून चाचणी घेतली. दोघांचे गुण घटले, एकीचे सहाचे सहाच राहिले. आणि क्रमांक १४ चे तीनाचे सात झाले होते! मला वाटलं तपासण्यात चूक झाली, दुसरा उतारा दिला, तोही त्यानं वाचला. त्याचा बाप म्हणाला, वजनाच्या पावत्या हाच वाचतो, मुकादमाचा हिशेब हाच लावतो. आठ आठवड्यांच्या माझ्या गोष्टींना जे जमलं नाही, ते काट्याच्या पावतीनं केलं असेल का? चार मुलांवरून काही म्हणता येत नाही. मी प्रबंधात तसं म्हटलेलं नाही, इथंही म्हणत नाही. पण पुढचा प्रश्न मला तिथं मिळाला.

प्रबंधात ‘व्याप्ती व मर्यादा’ नावाचा भाग असतो. तो साधारण चार ओळींचा, आणि सगळ्यांचा सारखाच. माझा अडीच पानांचा झाला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकी तीच पानं उघडली आणि मूळ उत्तरपत्रिका मागितल्या. मी फाईल पुढं केली. नावं नव्हती, नुसते क्रमांक. क्रमांक २७ च्या कागदावर कोपऱ्यात तपकिरी डाग होता आणि तिथं मुंग्यांनी कागद कुरतडला होता.

“हे काय सांडलंय?”

“ऊस खात वाचत होती, सर.”

त्यांनी बोटानं डाग चाचपून बघितला आणि पुढचा कागद काढला.